नव्या सॉफ्टवेअरनं कोरलेली पाटी

सागाचा भुसा करपल्याचा वास आला की मला नारायणगावजवळच्या माझ्या पत्र्याच्या शेडमधली ती दुपार आठवते. लाकूड कोरायचं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन मी हौसेनं घरीच जुळवलं होतं आणि एक मित्र त्यात नवं सॉफ्टवेअर टाकून देत होता. फुकट करतोय, चहासुद्धा नको म्हणतोय, म्हणजे हा माझी डिझाइनं पळवणार, असं समजून मी त्याच्या बोटांवर नजर ठेवून उभा होतो. शेजारचे मेंढरंवाले तात्या वडिलांच्या नावाची पाटी करायला सागाची एकुलती एक फळी घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. मशीन फिरलं, धूर निघाला आणि नाव उमटलं ते आरशात दिसावं तसं उलटं. "मला वाटलंच होतं! काय घुसवलंस यात?" मी मित्रावर ओरडलो. त्यानं माझी फाइल उघडून दाखवली. "राव, नाव तूच उलटं काढून ठेवलंय." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मशीन जुळवताना मी एका मोटरची वायर उलटी जोडली होती, त्यामुळे कोरलेलं उलटं यायचं, आणि ती बदलायच्या कंटाळ्यानं दोन वर्षं प्रत्येक नाव उलटं करूनच मशीनला देत होतो. मित्रानं नव्या सेटिंगमध्ये मोटरची दिशा न सांगता सरळ केली होती. मी मान खाली घातली. तात्या म्हणाले, "आरं, फळीला दुसरी बाजू हाय का न्हाई?" मी फाइलमधलं नाव सरळ केलं आणि त्या बाजूला ते सुलट आलं. आजही पाटी त्यांच्या दारावर आहे, पण तात्या प्रत्येक पाव्हण्याला ती खिळ्यावरून काढून आधी मागची बाजू दाखवतात आणि कारागीर म्हणून माझं नाव गावासकट सांगतात.