तावडेकाकूंची झोपायची जागा

तावडेकाकू बोलता बोलता झोपायच्या. तेही वाक्याच्या मधेच. आणि जाग आली की वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं चालू करायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "चहात साखर..." आणि मान छातीवर. मी आपली पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसून राहिले. दोनेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "...किती घालू गो?" मला हसू आवरेना. "हस, हस," काकू म्हणाल्या. "बसलेल्या बाईला झोप लागते नि निजलेल्या बाईला कामं आठवतात. तुझं लग्न झालंय ना? कळेल हळूहळू."

काकू जाऊन आता वर्ष होईल. माझं काम घरोघर जाऊन सीपॅप मशीन लावून द्यायचं. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो, श्वास अडकतो, झोप मोडते, पुन्हा लागते, पुन्हा अडकतो, रात्रभर हेच. मशीन नळीतून आणि नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहतं, त्यामुळे घसा उघडा राहतो. पुरुषांचा हा आजार लवकर कळतो, कारण शेजारी झोपलेली बायको घोरण्याला वैतागून त्यांना डॉक्टरकडे ओढून नेते. काकूंना मात्र आठ-दहा वर्षं सगळ्यांनी थायरॉईड बघा, रक्त वाढवा, टेन्शन घेऊ नका, पाळी गेली की असं होतंच, एवढंच सांगितलं होतं. सकाळी डोकं दुखतं, बीपी गोळ्यांना दाद देत नाही, दिवसभर अंगात शिसं भरल्यासारखं. डॉक्टर विचारायचे, "घोरता का?" काकू सांगायच्या, "छे हो. घरात सगळ्यांना विचारलंय, कुणी ऐकलं नाही."

आजार सापडला तो गुडघ्यामुळे. काकू डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, इमारत जुनी, लिफ्ट नाही. दीड वर्षात त्या खाली उतरल्या नव्हत्या, दवाखान्यासाठी खुर्चीतून उचलून नेलं तेवढंच. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची जाड मान, बीपी आणि डुलक्या बघून झोपेची तपासणी करायला लावली. रिपोर्ट वाईट आला. बाईंनी स्पष्ट सांगितलं, सहा आठवडे रोज रात्री मशीन लावा, त्याचं रेकॉर्ड दाखवा, मगच भूल.

आणि काकूंना घाई होती. त्यांची थोरली बहीण, माई, ठाण्याला वर्तकनगरात मुलाकडे अंथरुणाला खिळून होती. दोघी रोज फोनवर बोलायच्या. माईचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय, असं काकू मला म्हणाल्या होत्या. "एकदा जाऊन तिचा हात हातात घेतला की झालं. मग गुडघा राहू दे नाहीतर जाऊ दे."

मी तेव्हा कामाला नवी होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. काकूंनी मला बेडरूम दाखवली. नीटनेटका पलंग, धुवट चादर, उशाशी प्लग. मी मशीन ठेवलं, पट्टे अंबाड्याच्या वरून कसे घ्यायचे ते दाखवलं, तोंडाला तेलकट क्रीम लावायचं नाही म्हणून बजावलं, सही घेतली आणि निघाले.

दोन आठवड्यांनी मशीनमधलं, वापराची नोंद ठेवणारं कार्ड मागवून वाचलं आणि कपाळाला हात लावला. रोज दुपारी दोन ते साडेतीन. रात्री शून्य. एकही दिवस चुकलेला नाही आणि एकही रात्र लागलेली नाही! मी फोन करून तडकले, "काकू, मशीन रात्री लावायचंय, दुपारी नाही." काकू शांतपणे म्हणाल्या, "अगो, तू सांगितलंस तसंच करते. तोच पलंग, तीच उशी." आठवडाभराने पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. म्हटलं, आता समोरासमोरच जाऊन बोलते. ऑफिसच्या आधी, सकाळी साडेसहालाच त्यांच्या दारात उभी राहिले.

दार मुलाने, नितीनने उघडलं. तोंडात ब्रश. बेडरूममधून सूनबाई वर्षा केस बांधत बाहेर आली. हॉलमध्ये दिवाणावर दहावीतली नात पुस्तकांच्या पसाऱ्यात झोपलेली. आणि स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओटा यांच्या मधल्या पट्टीत, काकू आपलं अंथरूण गुंडाळत होत्या.

"काकू, तुम्ही इथं झोपता?"

"मग कुठं झोपू गो? रात्री नवराबायकोच्या खोलीत सासूचं काय काम?"

"मग मला ती खोली का दाखवलीत?"

"परक्या मुलीला ओट्याखालचं अंथरूण दाखवायचं? पाहुण्याला घरातली चांगली खोली दाखवावी." त्यांनी गादी दाराआड उभी केली. "आणि मी खोटं नाही बोलले. दुपारी ही दोघं कामावर असतात, तेव्हा तिथंच पडते."

माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. घोरणं कुणी ऐकलं नव्हतं, कारण फ्रिजशेजारी झोपलेल्या बाईचं ऐकायला दुसरं होतंच कोण? वर्षा तर रडकुंडीला आली. "आई, मला वाटलं डॉक्टरांनीच दुपारी लावायला सांगितलंय. मी विचारलंही नाही हो." नितीन ब्रश तसाच तोंडात धरून उभा.

प्लग मोकळा फक्त हॉलमध्ये. काकू ऐकेनात. "हॉलमध्ये? शेजारची दूध मागायला आली तर? सोंड लावून पडलेली दिसेन. शोभतं का बाईमाणसाला? इतकी वर्षं माझ्या झोपेसाठी कुणाला हलावं लागलं नाही, आता पोरीचा अभ्यास हलवू?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, मी बोलून गेले, "मग नका लावू. बसा तिसऱ्या मजल्यावर. माईंना भेटा फोनवरच."

काकूंचे डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. पण त्या जाग्या होत्या. जराशाने म्हणाल्या, "वर्षा, दिवाण भिंतीकडे सरकव गो. पोरीचं टेबल तुमच्या खोलीत घ्या."

पहिला आठवडा वाईट गेला. मास्क नाकावर रुतला, हवा डोळ्यांत गेली, पोट फुगलं. मी तीन प्रकारचे मास्क बदलून दिले. काकू रोज फोन करून माझा उद्धार करायच्या. मग एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाबरून केला, तर काकू म्हणाल्या, "अगो, सकाळी डोकं दुखलं नाही. मला वाटलं काहीतरी राहिलं."

रेकॉर्ड झालं, बीपी उतरलं, ऑपरेशन झालं. अडीच महिन्यांनी काकू कठडा धरून तिसऱ्या मजल्यावरून उतरल्या आणि मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने वर्तकनगरला गेल्या.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. त्या आमच्या कल्याणच्या ऑफिसात स्वतः आल्या होत्या, काठी टेकत. मी कार्ड वाचलं. "काकू, ठाण्याला अकरा रात्री! सगळ्या सहा तासांच्या वर."

"माईला बारावी रात्र मिळाली नाही," काकू म्हणाल्या. मी कार्ड खाली ठेवलं.

मग त्या सांगत राहिल्या. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर माईची सून म्हणाली, "मावशी, अंथरूण टाकू कुठंही." काकूंनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "कुठंही नको. प्लगजवळ हवं, आणि रोज तिथंच हवं." सून बघतच राहिली. बहिणीच्या घरी जाऊन अशी जागा मागायची म्हणजे काकूंच्या जिवावर आलं असणार. पण आतून माईने हाक मारली, "सुलू, इथं ये. माझ्या पलंगाशी प्लग आहे." माईच्या पलंगाला लागून काकूंची गादी पडली.

"सकाळी उठले तर माई माझ्याकडे टक लावून बघतेय," काकू म्हणाल्या. "म्हटलं, काय झालं गो, दुखतंय का? तर म्हणाली, 'नाही. तुला झोपलेली बघत होते. लहानपणापासून तू माझ्या मागून निजायचीस नि माझ्या आधी उठायचीस. मी तुला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती.'"