मच्छरदाणीचा झगा आणि मोठे भासरे

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी बॅले नाच शिकले. तसा माझा काही विचार नव्हता. मी हॉल झाडायला गेले होते.

वाशीमच्या एका कॉलेजात मी झाडलोट करते. म्हणून कॉलेजात माझी फार उठबस आहे असं कुणी समजू नये. सरांशी बोलायची वेळ आली की मी खांबाआड उभी राहते (आणि खांब नसेल तर बोलतच नाही). माझी मुलगी सोनल त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. माझं शिक्षण चौथी, तिचं तेरावी. पण लाजण्यात मायलेकी एकाच इयत्तेत! हजेरीला तिच्या तोंडून आवाजच निघत नसे. नुसती हवा निघे. सर तिच्यासमोर तिची गैरहजेरी मांडून पुढे जात.

अशात पुण्याहून एक नवीन मॅडम आल्या आणि त्यांनी बॅलेचा वर्ग काढला. बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून करायचा परदेशी नाच. पाय बोटांवर, मान ताठ, नजर समोर. सोनलने मैत्रिणीच्या नादाने नाव घातलं आणि पंधरा दिवसांत पोरीची मान वर आली. हजेरीला आवाज निघू लागला. एके दिवशी तर ती नळावर नंबरासाठी शेजारणीशी भांडून आली! मला भरून आलं. म्हटलं, हा नाच काय असेल तो असो, पण हा बंद पडता कामा नये.

तो बंद पडायला लागला. प्राचार्य सरांचा नियम होता, वर्गात बारा जणी पाहिजेत. एक जरी कमी झाली तरी वर्ग बंद. होत्या बरोब्बर बारा. त्यातल्या एकीचं जऊळक्यात लग्न ठरलं आणि ती निघून गेली. मॅडम हॉलच्या मध्यात उभ्या राहून म्हणाल्या, “मुलींनो, बारावी कुठून आणू?”

सगळ्या इकडेतिकडे पाहू लागल्या. मीही झाडू थांबवून पाहिलं, बारावी कुठे सापडते का. थोड्या वेळाने लक्षात आलं, सगळ्या माझ्याकडेच बघताहेत.

“काकू, तुम्ही या ना,” मॅडम म्हणाल्या.

“मी? बाई, मी झाडते.”

“झाडताना तुमचा तोल किती छान असतो!”

“आई, राह्य ना उभी,” सोनल म्हणाली. “कायले लाजतं?”

हे मला कोण म्हणत होतं? सोनल! जिची गैरहजेरी तिच्यासमोर मांडत होते, ती! मी झाडू भिंतीला टेकवला. टेकवला तो टेकवलाच.

“निस्तं उभं राह्यचं हाय वो, माय,” असं सोनलने सांगितलं होतं. खोटं होतं. या नाचात उभं राहणं हेच सगळ्यात अवघड काम! टाचेला टाच जोडायची, चवडे दोन दिशांना, जणू एका पायाला केनवडला जायचं आहे आणि दुसऱ्याला अकोल्याला. या सगळ्या प्रकारांची परदेशी नावं माझ्या ध्यानात राहीनात, म्हणून मी आपली नावं ठेवली. पाय जमिनीवरून पुढे सरकवायचा, त्याचं नाव ‘तूर’, कारण गच्चीवर वाळत घातलेली तूर आपण पायाने अशीच हलवतो. गुडघे फाकवून अर्धं खाली बसायचं, त्याचं नाव ‘हंडा’. आणि चवड्यांवर उंच व्हायचं ती ‘बरणी’, वरच्या फळीवरची लोणच्याची. महिनाभराने मॅडमच ओरडायला लागल्या, “मुलींनो, तूर! तूर! हंडा! आणि आता बरणी!” (पुण्याच्या बाईंना मी एवढं तरी शिकवलं.)

घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आमचे हे ऑटो चालवतात. सोनल नाचते हे त्यांना माहीत होतं, मी नाचते हे नाही. पण भांडी घासताना टाचा आपोआप जुळायच्या.

“काय वो, तुहे पाय काहून असे वाकडे होऊन राह्यले?”

“वात आला,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते वाताच्या तेलाची मोठी बाटली घेऊन आले. रोज समोर बसून लावायला लावायचे. वर्गात माझ्या मागे उभी राहणारी मुलगी ‘बरणी’ला चढली की तेलाच्या वासाने शिंकायची.

यांना सांगायला हरकत नव्हती. पण यांना सांगितलं म्हणजे केनवडला सांगितलं! हे केनवडच्या आपल्या मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या मोठ्या भासऱ्यांना, फोनवर रोज सगळं सांगतात, अगदी भाजी कोणती केली ते. आणि मोठे भासरे म्हणजे माझा जीव गोळा व्हायचं ठिकाण. आमच्याकडे भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोर उभं राहायचं नाही, पाठ दाखवायची नाही. तेही माझ्याकडे कधी बघत नाहीत, बोलत नाहीत. काही सांगायचंच झालं तर आमच्या पाण्याच्या रांजणाला सांगतात. “रांजणा, चहात साखर कमी टाकायले सांग.” मग मी आतून रांजणालाच म्हणते, “बरं म्हणा त्याहिले.” बावीस वर्षं आमचं असं चाललंय. माणूस मोठा मायेचा आहे. सोनलला ताप आला तेव्हा केनवडहून निळ्या काठाची डबल मच्छरदाणी घेऊन आले होते आणि रांजणाला म्हणाले होते, “पोरीले मच्छर चावू देऊ नको.” रांजणाने ती जबाबदारी माझ्यावर टाकली.

गॅदरिंग जवळ आलं. प्राचार्य सर म्हणाले, नाच पाहून ठरवू, पुढच्या वर्षी हा वर्ग ठेवायचा की नाही. आणि बाराच्या बारा स्टेजवर पाहिजेत. मॅडमनी सांगितलं, काळे कपडे आणि कमरेला जाळीचा फुगीर झगा. तो कपडा काही मिळेना. शेवटी सोनल मच्छरदाणी आणि कात्री घेऊन बसली. एक झगा तिचा, एक माझा. खाली निळा काठ! दिसत छान होता. पण मला एक काळजी.

“सोनल, माहा पदर?”

“आई, बॅलेत पदर नसते.”

“मंग लाज कोठी ठेवू?”

“मांगच्या रांगेत.”

म्हणून मी मागच्या रांगेत, अगदी मधोमध, पुढच्या मुलींच्या आड. ऐन वेळी मॅडमनी सगळ्यांना बजावलं, “चुकलात तरी थांबायचं नाही. सगळ्यांत पुढची जे करेल तेच करायचं. लोकांना वाटतं, असंच आहे.”

आता त्याच दिवशी मोठ्या भासऱ्यांचं वाशीमच्या जिल्हा कचेरीत काम निघालं. काम उरकून ते घरी आले, तर घरात हे एकटे. “चाला दादा, सोनलचा कार्यक्रम पाहू,” म्हणून हे त्यांना ऑटोत घालून कॉलेजात घेऊन आले. दारात प्राचार्य सर पाहुण्यांची वाट पाहत होते. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात काठी पाहून सरांना वाटलं, हेच कुणीतरी मोठे पाहुणे! त्यांनी भासऱ्यांच्या हातात गुच्छ दिला आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. मी मागच्या रांगेत आरामात होते. तूर हलवली, हंडे उचलले. मला तर मजा यायला लागली! तेवढ्यात गाण्याला वळण आलं. इथे पुढची रांग गिरकी घेऊन मागे जाते आणि मागची पुढे येते. सरावात हे आम्ही चाळीस वेळा केलं होतं. पण सरावात समोर रिकाम्या खुर्च्या असायच्या.

मी गिरकी घेतली. मधली म्हणून सगळ्यांच्या पुढे आले. चवड्यांवर चढले, बरणी! नजर समोर. समोर दहा पावलांवर, मांडीवर गुच्छ घेतलेले, मोठे भासरे.

मी काही विचार केला नाही. विचार हाताने केला. बावीस वर्षांची सवय असलेला हात खांद्यावर गेला. पदर नाही. कमरेला गेला. तिथे मच्छरदाणी लागली. हाताने ती उचलली, डोक्यावरून घेतली आणि नाकापर्यंत ओढली!

आणि मग मागे ‘सळ्ळ’ असा आवाज झाला. अकरा जणींनी अकरा झगे उचलून डोक्यावरून घेतले. (सगळ्यांत पुढची जे करेल तेच करायचं!)

आता पळावं तर पाठ दाखवायची नाही. म्हणून मी चवड्यांवर, मच्छरदाणीतून, एकेक पाऊल मागे मागे सरकू लागले. माझ्याबरोबर बाकीच्याही मागे सरकू लागल्या. मागे कुणालाच दिसत नव्हतं. कुणाची तरी टाच कुणाच्या तरी चवड्यावर पडली, “माय वो!” असा आवाज आला, एकीच्या झग्यात दुसरीचं बोट अडकलं, पण थांबायचं नाही! तशाच एकमेकींत गुंतलेल्या आम्ही बारा जणी उलट्या चालत पडद्याआड गडप झालो. रिकाम्या स्टेजवर गाणं पुढे एक मिनिट एकटंच वाजलं.

मी पडद्यामागे खाली बसले. म्हटलं, संपलं. पोरीची मान वर आली होती, ती मी माझ्या हाताने खाली घातली. सोनल माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे बघेना.

तेवढ्यात हॉलमध्ये टाळ्या! प्राचार्य सर माइकवर म्हणाले, “वा! परदेशी नाच आपल्या मातीत आणला! ती लाज, ती मर्यादा... हा वर्ग पुढच्या वर्षीही राहणार!” मॅडम पडद्याला तोंड लावून उभ्या होत्या. खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत ते मी अजून विचारलेलं नाही.

वर्ग राहिला. पण घरी जायचं राहिलंच होतं ना!

घरी भासरे बाजेवर बसले होते, गुच्छ हातातच. मी आतल्या दारामागे, या वेळी खऱ्या पदरात.

“तुले वात होता ना?” हे मला म्हणाले.

मी पदर आणखी पुढे ओढला. भासरे खाकरले आणि रांजणाकडे वळले.

“रांजणा, म्या काई पाह्यलं नाई. मान खाली घातली होती म्या. निस्ते पाय दिसले.” मग गुच्छ बाजेवर ठेवला. “पण थे मच्छरदाणी माही व्हय. निळा काठ वळखला म्या.”

आणि सोनल, माझी सोनल, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मान ताठ, नजर समोर.

“मोठेबाबा, नाच कसा झाला?”

“मले त्यातलं काय समजते, बापा?” भासरे म्हणाले. “पण बारा जणी मांगं मांगं गेल्या, एकीचीबी पाठ दिसली नाई. असं वळण आता कोठी राह्यलं!”

महिनाभराने ते पुन्हा आले. हातात दोन पुडकी. दोन्ही रांजणापुढे ठेवली. “रांजणा, सांग तिले. हे मच्छरदाणी झोपायची. आन् हे नाचायची. अदलाबदल करू नोको म्हणा.”

मला एवढं भरून आलं की नियम बाजूला ठेवून मी बाहेर आले, डोक्यावर पदर घेतला आणि पाया पडायला वाकले. पण पाय आता माझे राहिलेत कुठे? टाचा जुळल्या, चवडे केनवडला आणि अकोल्याला गेले, गुडघे फाकले आणि मी ‘हंड्या’त अर्ध्यावर अडकले. ना खाली, ना वर.

भासरे मान वळवून हळूच म्हणाले, “रांजणा, हिचा वात अजून गेला नाई वाटते.”

आमच्या ह्यांनी फळीवरून तेलाची बाटली काढून आणली.