आवाज बंद करून पाहिलेला एपिसोड

तो एपिसोड मी काढला. एक शब्दही न ऐकता काढला.

गुडगावच्या एका कंपनीत मी मराठी व्हिडिओ तपासतो. कुणी आक्षेप घेतलेले व्हिडिओ आमच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, येतात. नियम मोडलेला दिसला की व्हिडिओ काढायचा आणि चॅनलला स्ट्राइक द्यायचा. तीन स्ट्राइक झाले की चॅनल कायमचं बंद. रांग संपत नाही, म्हणून आम्ही सगळेच आवाज बंद ठेवून, दुप्पट वेगाने पाहतो. तसं करा असं लेखी कुणी सांगत नाही. फक्त टार्गेट असं देतात की दुसरा मार्ग उरत नाही.

हा कार्यक्रम सावंतसरांचा. सर जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर, राहतात द्वारकेला. कित्येक वर्षं दर रविवारी ते जुन्या आरमारांबद्दल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्या वेळी प्रश्न होता, लाटांचं पाणी गलबतात येत असताना तोफांची दारू कोरडी कशी ठेवत? मला पडद्यावर दिसली ती तोफ, दारूची पिंपं आणि दारू ठासण्याची आकृती. मी ‘स्फोटकं बनवण्याची माहिती’वर क्लिक केलं. चॅनलचा तो तिसरा स्ट्राइक. आधीचे दोन कसे मिळाले असतील, त्याचा अंदाज आता मला आहे.

चॅनल कायमचं बंद होण्याआधी अपिलाला आठवडा मिळतो. सरांच्या अपिलासोबत चाहत्यांच्या हरकतींचा ढीग आला. मजकूर शब्दन्शब्द एकच, खाली नाव आणि गाव तेवढं वेगळं. त्यांनी आपल्या ग्रुपवर चर्चा करून रीतसर निवेदन तयार केलं होतं. आपल्याकडे हे असंच चालतं. ज्याची भाषा चांगली तो मसुदा करतो, बाकीचे सह्या करतात. सोसायटीच्या गणपतीसाठी मीच असली निवेदनं लिहिली आहेत. सिस्टिमला मात्र एकसारखा मजकूर दिसला की तो स्पॅम.

आमचे मॅनेजर खन्नाजी माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, “यार कुलकर्णीजी, ये तो कॉपी-पेस्ट है. सब एक साथ क्लोज करो.”

हे स्पॅम नाही हे त्या मजल्यावर फक्त मला कळत होतं. तरी मी सगळ्या बंद केल्या. सरांचं अपीलही त्यातच गेलं.

दुसऱ्या दिवशी एक नवी हरकत आली. दापोलीच्या शिर्केबाईंची, स्वतःच्या शब्दांत. ‘आमचं निवेदन तुम्ही वाचलं नाहीत, हे कळलं. निदान एपिसोड तरी ऐका. मी तो वर्गात दाखवते.’

मी हेडफोन लावला. सर सांगत होते, “दारूत काय किती घालत, ते मी मुद्दाम सांगत नाहीये. घरी कुणी उद्योग करू नका.”

माझं डोकं तापलं. इतक्या वर्षांचं काम आम्ही न ऐकता पुसायला निघालो होतो, आणि वर त्यालाच गुणवत्तेची तपासणी म्हणत होतो. मी खन्नाजींकडे गेलो.

“ये एपिसोड मैंने सुना ही नहीं था.”

“तो? कौन सुनता है? सिस्टिम एरर लिख दो, टीम का स्कोअर बच जाएगा.”

“सिस्टिम के कान नहीं हैं, खन्नाजी. मेरे तो थे.”

मी पुनर्तपासणीच्या फॉर्मवर ‘तपासणाऱ्याची चूक’ असं लिहिलं. माझं वर्षाचं रेटिंग घसरलं, चॅनल मात्र वाचलं. सरांना कंपनीची ठरावीक मेल गेली, ‘पुनर्तपासणीनंतर व्हिडिओ पूर्ववत केला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ कुणाचं सहकार्य? चुकलं कोण, याबद्दल एक अक्षर नाही. आम्ही चॅनलवाल्यांशी बोलायचं नाही, असा नियमच आहे. ज्याला निकाल द्यायचाय त्याने आधी ऐकावं, असा नियम मात्र आमच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये मला अजून सापडलेला नाही.

पुढच्या महिन्यात दिल्लीतल्या चाहत्यांनी सरांना द्वारकेच्या एका सोसायटी हॉलमध्ये बोलावलं. मीही गेलो. प्रश्नोत्तरांत माइक फिरत माझ्यापर्यंत आला. सर म्हणाले, “विचारा.”

“प्रश्न नाही, सर. तुमचा एपिसोड मी न ऐकता काढला. या सगळ्यांचं निवेदन खरं आहे हे माहीत असून बंद केलं. माझं चुकलं. मला माफ करा.”