अपिलाच्या मुदतीतला कुत्रा

दारव्ह्याच्या कोर्टात मी वकिली सुरू केल्याला आता बरीच वर्षं झाली. तेवढ्या काळात कितीतरी न्यायाधीश आले आणि बदलून गेले. बहुतेकांचे चेहरेही आता नीट आठवत नाहीत. पण एका साहेबांचा विषय निघाला की वकिलांच्या बाररूममध्ये अजून चहा थंड होतो. त्यांना कुत्र्यांचं वेड होतं.

ते रुजू झाले त्याच दिवशी ही बातमी गावभर झाली, कारण सामानाच्या ट्रकमधून कपाटाच्या आधी तीन कुत्रे उतरले. त्यातला एकही दाखवण्यासारखा नव्हता. एक लंगडा, एक अर्ध्या कानाचा, आणि एक म्हातारी कुत्री, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मागच्या जीपमधून साहेबांच्या पत्नी उतरल्या. कुत्रे कुठे बसलेत ते पाहून त्या दुसऱ्या दाराने घरात गेल्या.

साहेब वागायला फार कडक. वकिलांशी ओळख वाढू नये म्हणून सकाळी फिरताना समोरून वकील दिसला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. कुत्र्यांना हे तत्त्व मान्य नव्हतं. चहाच्या टपरीवर आम्ही वकील मंडळी उभे असलो की ते तिघं साहेबांना ओढत थेट आमच्यात आणायचे. साहेब मग आमच्या डोक्यावरून टपरीच्या पाटीकडे बघत उभे राहायचे, कुत्र्यांचं हुंगून होईपर्यंत.

महिनाभरात आमचा सगळा बार श्वानप्रेमी झाला. एक ज्येष्ठ वकील जन्मभर हातात काठी घेऊन कोर्टात यायचे, ती फक्त कुत्र्यांसाठी. त्यांनी काठी सोडली आणि ते कोटाच्या खिशात बिस्किटांचा पुडा ठेवायला लागले. दुसऱ्या एकाने मोबाइलवर लेकीच्या फोटोच्या जागी कुत्र्याचा फोटो लावला. घरी त्यावरून भांडण झालं. तारखेला येणाऱ्या पक्षकारांना सल्ला मिळायचा, "आत जायच्या आधी निंबाखालच्या कुत्र्याले काहीतरी टाकून जा." कोर्टाच्या आवारातल्या त्या निंबाखालचे कुत्रे इतके माजले की जीप हॉर्न वाजवायची तरी उठत नव्हते.

या सगळ्याचा साहेबांच्या निकालांवर काय परिणाम झाला? काही नाही. बिस्किटवाले वकील लागोपाठ दावे हरले. पण खिसा काही त्यांनी रिकामा केला नाही.

मी एकटीच यात नव्हते. मला कुत्र्यांची भीती वाटते. शाळेत असताना एक कुत्रा माझ्या सायकलमागे गावाच्या वेशीपर्यंत धावला होता. त्यानंतर कुत्रा दिसला की माझे पाय आपोआप उचलले जातात, मी खुर्चीवर बसलेली असले तरी.

अशा वेळी माझ्याकडे एक बाई आली. जवळच्याच खेड्यातली, साठीची, चार बकऱ्यांवर घर चालवणारी. शेजाऱ्याच्या कुत्र्याने तिची करडं मारली होती, एकदा नाही, तीनदा. तिला भरपाईचा दावा लावायचा होता.

मी म्हटलं, "मावशी, थोडं थांबलो तर? हे साहेब बदलून जाऊ द्या."

"काहून?"

"साहेबांना कुत्रे फार आवडतात."

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मले बी आवडतात. मले त्या कुत्र्यावर राग नाई, वकीलबाई. त्याच्या मालकावर हाय."

दावा लागला. कुत्र्याचा मालक चांगला खाऊनपिऊन सुखी शेतकरी, कपाशी आणि तूर पिकवणारा. दोघं शेजारी एकाच जीपमधून तारखेला यायचे, कारण गावातून त्या वेळेला दुसरी जीपच नव्हती. येताना तिच्या मांडीवर त्याच्या डब्याची पिशवी असायची. कोर्टाच्या फाटकाशी उतरले की मग ते एकमेकांशी बोलणं बंद करायचे.

साक्षीच्या दिवशी मालक कुत्रा घेऊनच आला. ही कल्पना त्याच्या वकिलाची, म्हणजे बिस्किटवाल्या ज्येष्ठांची. कुत्र्याला साहेबांच्या खिडकीसमोर निंबाला बांधलं होतं. तांबडा, मोठ्या डोक्याचा, दिसायला देखणा कुत्रा होता. साक्ष सुरू झाली आणि त्याने गळा काढला. साहेबांनी एकदा खिडकीकडे मान वळवली, अर्ध्यातच थांबवली, आणि खुर्ची तिरकी करून भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशीची सगळी साक्ष त्यांनी भिंतीकडे बघत लिहून घेतली.

मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगत होता, "सायेब, माहा कुत्रा दूधभाकर खाते. मटनाकडं त्यानं कधी पाह्यलं नाई."

मी उलटतपासणीला उठले. "कुत्र्याला बांधून ठेवता का?"

"बांधून ठेवाले तो का बैल हाय?"

"त्याने आधीही करडं मारली, हे या बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"सांगतलं होतं ना."

"मग तुम्ही काय केलं?"

"म्या कुत्र्याले समजावून सांगतलं."

"काय सांगितलं?"

"का बा, हे बरं नाई."

बिस्किटवाल्या ज्येष्ठांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "त्याने ऐकलं का?"

"तवा तर मान हालवली होती सायेब," मालक म्हणाला.

निकाल माझ्या बाईच्या बाजूने लागला. साहेबांनी तो वाचून दाखवला तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. कुत्र्याला स्वभाव असतो, जबाबदारी मालकाला असते, असं काहीतरी त्यात होतं. भरपाई द्यायची आणि कुत्रा बांधून ठेवायचा.

निकाल ऐकून मालक उभाच राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट तो अगदी समजुतीने बोलला. "सायेब, बांधून तो राहत नाई. दिवसभर रडते. माह्याच्यानं पाह्यवत नाई. तुमाले कुत्र्यायचं समजते, सारा गाव सांगून राह्यला. तुमीच ठेवून घ्या."

साहेबांनी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. कुत्रा पंज्यावर डोकं ठेवून पडला होता. साहेबांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांना तो हवा होता. अगदी लहान मुलाला हवा असतो तसा.

"मला घेता येणार नाही," ते म्हणाले. "अपिलाची मुदत आहे. तोवर वादाचा विषय न्यायाधीशाच्या घरी बांधलेला चालत नाही." मग त्यांनी वकिलांच्या बाकाकडे पाहिलं. "कोणी तात्पुरता सांभाळेल का? इथे कुत्र्यांची आवड असणारे पुष्कळ आहेत, असं मी ऐकतो."

सगळा श्वानप्रेमी बार कागदपत्रांत बुडाला. मोबाइलवर कुत्र्याचा फोटो असलेल्या वकिलाला अचानक बाहेरून हाक ऐकू आली आणि तो गेला. तेवढ्यात माझी पक्षकार बाई मागून म्हणाली, "आमच्या वकीलबाई ठेवतीन सायेब. घरी त्या अन् त्यायची मायच राह्यते. राखणीले कोणी पायजेच."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण भर कोर्टात आपल्याच पक्षकाराला खोटं पाडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून मी ज्या कुत्र्याविरुद्ध दावा जिंकला, तो कुत्रा माझ्या घरी आला. पहिले काही दिवस मी पलंगावरूनच स्वयंपाकघरात कसं जाता येईल याचा विचार करत होते. आईने मात्र त्याला पहिल्याच संध्याकाळी वरणात भाकर कुस्करून दिली आणि म्हणाली, "तुह्यापेक्षा निमूट खाते." तो तिच्या खाटेखाली झोपायला लागला. ती भाजी आणायला निघाली की पिशवी तोंडात धरून पुढे चालायचा. बकरी दिसली की मात्र आई त्याचा पट्टा हाताला दोनदा गुंडाळायची.

अपिलाची मुदत संपली. मालकाने अपील केलं नाही. मी कोर्टाच्या शिपायाकडून विचारलं, आता साहेब कुत्रा नेणार का? उलट निरोप आला की उशीर माफ करण्याचा अर्ज करून अजूनही अपील होऊ शकतं, थोडं थांबावं. साहेबांनी थोडं थांबावं म्हणता म्हणता त्यांची बदलीच आली.

निघायच्या दिवशी ते माझ्या घरी आले. वकिलाच्या घरी ते आयुष्यात पहिल्यांदाच येत होते, आणि चपला कुठे काढायच्या इथपासून त्यांची पंचाईत होती. ट्रक भरून रस्त्यावर उभा होता. "आता माझा इथला पदभार सुटला," ते म्हणाले. "आता हरकत नाही." खिशातून त्यांनी नवा पट्टा काढला. चामड्याचा होता, किती दिवस घेऊन ठेवला होता कोण जाणे.

कुत्र्याने साहेबांना हुंगलं, शेपटी एकदा हलवली आणि आईच्या खाटेखाली जाऊन बसला. साहेब जमिनीवर बसले. चुचकारलं, बिस्किट दाखवलं, शेवटी खाटेखाली डोकं घालून त्याच्याशी हळू आवाजात बोलले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. कुत्र्याने जांभई दिली.

आईने चहा आणला. साहेबांनी तो जमिनीवर बसूनच घेतला. मग पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताबा तुमचा आहे. मी यात काही करू शकत नाही." ट्रक निघाला तेव्हा मागच्या फळीवरून त्यांचे ते तीन कुत्रे आमच्याकडे बघून भुंकत होते आणि साहेब पुढच्या जीपमध्ये समोर बघत बसले होते.

तांबडा आमच्याकडेच म्हातारा झाला आणि आई गेली त्याच्या वर्षभर आधी गेला.

साहेब निवृत्तीनंतर वणीला, पत्नीच्या माहेरगावी राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. आमच्या बाररूममध्ये शोकसभा झाली. एका वकिलाने भाषणात सांगितलं की साहेबांचं मन इतकं मऊ होतं, त्यांनी कुत्र्याविरुद्ध कधीच निकाल दिला नाही. मी उठून सांगितलं, दिला होता. कोणाला ते फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी वणीला भेटायला गेले. घरावर खाणीतल्या कोळशाच्या धुळीचा थर, फाटकाशी पाचसहा कुत्रे, सगळे त्याच धुळीने एका रंगाचे झालेले. साहेबांच्या पत्नीने मला आत घेतलं.

"मला कुत्रे कधीच आवडले नाहीत," त्या म्हणाल्या. "लग्न ठरवताना कोणी सांगितलं नाही. त्यांचा पगार सांगितला, कुंडली दाखवली, हे सांगितलं नाही."

बोलता बोलता त्या उठल्या, दुधाचं पातेलं घेतलं आणि फाटकाकडे गेल्या.

"हे साहेबांसाठी करत नाही हं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "नाही घातलं तर भुंकतात, आणि शेजारीण माझ्यावर ओरडते."

त्यांनी दूध वेगवेगळ्या वाट्यांत ओतलं. शेवटची वाटी थोडी लांब, भिंतीच्या कडेला ठेवली. तिथे एक लहान, भित्रं कुत्रं उभं होतं. ते पिऊन होईपर्यंत त्या बाकीच्यांना पायाने अडवून उभ्या राहिल्या.