नोटिशीची पोच

आमचा घरमालक गोड बोलायचा. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि तो आता या वयात जाईल असं काही वाटत नाही.

गोडदेव भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो, तो आमच्या समोरच्या दारात. दोन्ही फ्लॅट त्याचेच. रिटायर झालेला, दारात खुर्ची टाकून जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत बसलेला. आम्ही त्याला काका म्हणायचो. तो चार लोकांत सांगायचा, हे भाडेकरू नाहीत, घरचीच माणसं आहेत. घरची माणसं म्हणजे काय, तर गळका नळ स्वतःच बदलून घेणारी आणि वर त्यालाच दिवाळीचा फराळ नेऊन देणारी. आम्ही ते सगळं आनंदाने करत होतो.

मग माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. बिल्डिंगची लिफ्ट बंद. लिफ्टच्या दुरुस्तीवरून सोसायटीत दोन गट पडले होते, आणि लिफ्ट सोडून बाकी सगळं जोरात चालू होतं. आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि दोन माणसांनी ती खुर्ची उचलून चार मजले उतरायचे. लोक बघतात म्हणून ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. एक दिवस म्हणाली, आता मला डॉक्टर नको आणि काही नको. त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. दिवसभर खिडकीत बसायची. समोरच्या बिल्डिंगच्या दोऱ्यांवरचे कपडे बघून कोणाकडे पाहुणे आलेत ते मला सांगायची. मला ते ऐकवत नसे.

शेवटी जवळच्याच इंद्रलोक भागात तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. उंबरा ओलांडला की बाहेर. नवीन मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबते, नाहीतर दुसऱ्याला देते. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये एक महिन्याची लेखी नोटीस लिहिलेली होती. म्हटलं, रीतसर करू. घर कधी सोडतोय एवढं चार ओळींत लिहिलं, वर मथळा घातला ‘घर रिकामे करण्याची नोटीस’ आणि दोन प्रती काढल्या. एक त्याला ठेवायला, दुसरी त्याची सही घेऊन पोच म्हणून परत आणायला.

काकाने चष्मा लावला आणि फक्त मथळा वाचला. मग चष्मा काढला.

“नोटीस? माझ्याच घरात राहून मला नोटीस?”

मी आईचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, ॲग्रीमेंटमध्येच तसं आहे तेही सांगितलं. तो म्हणाला, आपल्यात कागद कशाला, तोंडाने बोललीस, झालं की. म्हटलं, झालं ना, मग दुसऱ्या प्रतीवर पोच द्या.

“आपल्या माणसाकडे पोच मागतेस? तुला काही पोच आहे का गं?”

शब्द बरोबर सापडला मेल्याला. सहीही टाळली आणि माझी अक्कलही काढली. मी कागद त्याच्या टीपॉयवर ठेवून आले, तर तासाभरात तो आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेला.

नवरा म्हणाला, अगं, सांगितलंय ना त्यांना, इतका काय बाऊ करतेस, माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याला जगात कोणीच वाईट दिसत नाही, हा त्याचा आजार आहे. पुढच्याच आठवड्यात मी कामावरून परत येत होते, तर काका खाली वॉचमनला सांगत होता, हे लोक कुठे जातायत, मला तर कोणी काही कळवलं नाही. मी चार पावलांवर उभी. माझ्याकडे बघून हसला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला. माझं टाळकंच सटकलं. त्याला वाटत होतं, कागद हातात घेतलाच नाही तर महिना सुरूच होत नाही, आणि महिना सुरू झाला नाही तर ही मंडळी जातात कुठे. आमच्यासारखे मुकाट भाडेकरू त्याला सोडायचेच नव्हते.

मी तोच कागद रजिस्टर पोस्टाने पाठवला. समोरासमोरची दोन दारं, पण कागद पोस्टात जाऊन आला. पोस्टमन वर आला तेव्हा मी घरीच होते, दार किलकिलं करून ऐकत होते. त्याने दोनदा बेल मारली, नाव घेऊन हाक मारली. आतून आवाज आला, घरात कोणी नाही. पोस्टमन म्हणाला, मग तुम्ही कोण बोलताय?

पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन माझ्याकडे परत आलं. आमच्या ऑफिसात एक वकीलबाई आहेत. त्या म्हणाल्या, फोडू नका, तसंच बंद ठेवा, जाणूनबुजून नाकारलं म्हणजे मिळालं असंच धरतात. मी समोरचं दार वाजवून काकाला हे ऐकवलं. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. तो पडला नाही.

“कायदा तू सांभाळ. सामान काढताना गेटवर मालकाची चिठ्ठी लागते. ती कोण देतं ते बघू.”

आणि तेच झालं. निघायच्या दिवशी टेंपो भरला, घर झाडून घेतलं, सगळ्यांत शेवटी टेंपोच्या दोन माणसांनी आईची खुर्ची खाली आणली. रिक्षा बाहेर उभी होती. वॉचमनने गेट लावलेलं. म्हणाला, मॅडम, चिठ्ठी के बिना गाडी नहीं जाएगी, मेरी नोकरी का सवाल है. काका जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा होता. नवरा विनवण्या करायला लागला. मी मात्र तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही मला आज परत घ्यायचा नाही. काका शांत. म्हणे, एवढी घाई कसली, दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत राहा, सामान चढवा वर. मी कुठे जा म्हटलंय?

आई खुर्चीत होती. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला.

“भाऊ, आम्ही वर राहायचं म्हणताय ना? मग मला वर नेऊन ठेवा. या माणसांनी नाही उचलायचं. तुम्ही उचला.”

तो हसला. आजूबाजूला बघितलं, दुसरं कोणी हसत नव्हतं. आईने लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले.

“या ना. चार मजले आहेत.”

त्याने आईकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं. बिल्डिंगखालच्या दुकानांतली माणसं बाहेर आली होती. आईने हात खाली घेतले नाहीत. शेवटी तोच माझ्याकडे वळला आणि पेन मागितलं. गेटची चिठ्ठी लिहिली. मी पर्समधून दुसरी प्रत काढून पुढे धरली. त्यावर त्याने ‘मिळाली’ लिहून सही केली. म्हटलं, तारीख घाला, आणि आजची नाही, पहिल्यांदा तुमच्या हातात दिली होती त्या दिवशीची. तीही घातली. मी थँक्यू म्हटलं नाही.

आईला रिक्षात बसवलं. मी शेजारी बसले आणि रिक्षावाल्याला इंद्रलोकचा पत्ता सांगितला. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, मार्केट से लो. तो म्हणाला, माताजी, इस टाइम उधर फँस जाएंगे, घंटा लगेगा.

“लगने दो,” आई म्हणाली. “मेरेको देखने का है.”