ओव्हनच्या करंज्या

हल्ली पन्नाशी ओलांडलेला कोणीही माणूस दोन घास गोड खाल्ले की आजीच्या स्वयंपाकघराची आठवण काढून डोळे टिपतो. चुलीचा धूर, पितळी डबे, मायेचा हात. या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. माझ्याकडे आलेले पाहुणेही शेंगदाण्याच्या करंज्या खातात, त्या तळलेल्या नसून भाजलेल्या आहेत हे कळल्यावर मान तिरकी करतात आणि हळवा आवाज काढून विचारतात, "आजीची कृती का?" मी सांगते, नाही, आजोबांची. आणि कृती म्हणू नका, चिक्कूपणा म्हणा.

आजोबा रेल्वेत होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी होटगीच्या क्वार्टरमध्ये एकट्याने काढली, कारण आजीला होटगी आवडत नव्हती आणि आजोबा त्याहून कमी आवडत होते. तिथे ते हाताने करून खात. करंजीची हौस दांडगी, पण कढईत तेल ओतायचं म्हटलं की ते आधी तेलाचा भाव मोजत बसत. मग त्यांनी जाड बुडाच्या परातीत करंज्या मांडल्या, वर लोखंडी तवा झाकला, तव्यावर निखारे, परातीखाली निखारे, आणि तेलाचा थेंब न घालवता करंजी खाल्ली. आमच्या घराण्याची थोर परंपरा ती हीच.

निवृत्त होऊन ते सोलापूरला आले ते तवा बगलेत मारूनच. आमचं माळवदाचं घर विणकरांच्या पेठेत होतं, भिंतीला भिंत लावून विजेच्या मागांचा कारखाना. आजीने स्वयंपाकघर त्यांच्या हवाली केलं आणि सुटकेचा श्वास टाकला. ती गेल्यावर तर चुलीवर त्यांचं एकछत्री राज्य सुरू झालं. माझी आई घरातली मोठी सून, पण तिलाही चुलीत लाकूड सारताना आजोबांच्या तोंडाकडे बघावं लागे.

करंजी कशी होती, हे खरं सांगायचं तर चांगली होती. सारणात खमंग भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, गूळ, तीळ, किंचित सुंठ. पारी खुसखुशीत. पण वर राखेचे ठिपके असत, आणि तुम्ही खात असताना आजोबा समोर उभे राहत. तुम्ही "वा" म्हणेपर्यंत हलत नसत. एकदा म्हणून भागत नसे. दुसऱ्या घासाला पुन्हा "वा" लागे.

आता धाकट्या काकूला रंगमंचावर आणते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, मी कॉलेजात होते. काकू पुण्याला मावशीकडे राहून बेकिंगचा क्लास करून आली. येताना एक गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला ओव्हन घेऊन आली. शिवाय एक सर्टिफिकेट, जे तिने फ्रेम करून देवांच्या तसबिरींशेजारी लावलं. रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना तिचा हात सर्टिफिकेटापर्यंत जाई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काका बँकेत होते आणि घरात त्यांचं काम "हो" म्हणण्याचं होतं. ते त्यांनी निष्ठेने केलं.

काकू करंजीला पेस्ट्री म्हणू लागली. शेंगदाण्यांना "गरिबांचे काजू" म्हणाली. सोलापुरात बसून शेंगदाण्याला नावं ठेवायची म्हणजे धाडसच, पण अज्ञान असलं की धाडस आपोआप येतं. शेवटी तिने मुद्द्याला हात घातला. गॅस आलाच होता, तर ती धुरकट चूल काढून टाकावी आणि तिथे कडाप्प्याचा ओटा घालून वर ओव्हन ठेवावा, असं तिला वाटत होतं.

आजोबा जेवत होते. त्यांनी घास चावून गिळला.

"तुझ्या त्या डब्यातनं माझ्यासारखी करंजी निघू दे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी सोता पहार घेऊन चूल फोडतो. तवर चुलीला हात लावायचा न्हाई."

"आणि तुमच्यासारखी झाली की नाही, हे ठरवणार कोण, मामंजी? तुम्हीच?"

"वकिलीणबाई सांगतील की. दर दिवाळीला ताट जातंय त्यांच्याकडं. त्यांची जीभ मला पाठ हाय."

काकूने लगेच मान्य केलं. वकिलीणबाई म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या वकिलांची बायको, महिला मंडळाची अध्यक्ष. कुठलीही गोष्ट तोंडात टाकण्याआधीच त्यांचं मत तयार असे. काकूला मंडळात पुढे यायचं होतं आणि वकिलीणबाईंच्या मतावर तिचा पूर्ण भरवसा होता. आईने मात्र त्या रात्री चुलीला जरा जास्तच काळजीने पोतेरं केलं. ती चूल गेली तर आजोबा दिवसभर काय करणार आणि कुणाच्या मानेवर बसणार, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

यात एक तांत्रिक अडचण होती, आणि ती पुण्याच्या क्लासात शिकवलेली नव्हती. शेजारचे माग सुरू झाले की आमच्या पेठेतली वीज मान टाकायची. खटाक-खटाक सुरू झालं की आमच्या घरातला दिवा पिकल्या लिंबासारखा पिवळा होई आणि ओव्हन नुसता कोमट डबा. काकूने आठवडाभर कोमट डब्यात पांढरीफटक बिस्किटं केली आणि काकांनी ती "हो" म्हणत खाल्ली. मग तिला शोध लागला की गुरुवारी मागांना सुट्टी असते, तेव्हा दिवा पांढरा असतो आणि ओव्हन तापतो. तिने दिवाळीच्या आधीचा गुरुवार धरला आणि वकिलीणबाईंसकट मंडळाच्या बायकांना संध्याकाळी फराळाला बोलावलं.

दिवाळीच्या तोंडावर माग सुट्टी घेत नसतात, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. चादरींचा माल तेव्हाच जायचा असतो. काकूने कुणाला विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी आम्ही कुणी सांगितलं नसतं.

गुरुवारी सकाळी कारखाना गप्प होता. काकूने सारण केलं. तुलना व्हायची म्हणून नाइलाजाने शेंगदाणे घेतले, पण त्यात व्हॅनिलाचं इसेन्स घातलंच. पाऱ्या लाटल्या, कातणाने कडा कापल्या, करंज्या ओव्हनमध्ये मांडल्या आणि काचेच्या खिडकीला डोळा लावून बसली. आजोबा दारातल्या खाटेवर पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

करंज्या जरा कुठे फुगायला लागल्या आणि भिंतीपलीकडे पहिला खटाका पडला. मग दुसरा. मग सगळा कारखाना. मी दिव्याकडे पाहिलं. लिंबू.

काकू तशीच पिठाच्या हाताने शेजारी धावली. मीही मागे गेले, असा प्रयोग फुकट कोण सोडतो. कारखान्याची मालकीण तेलुगू बाई, चादरींच्या घड्या मोजत बसली होती.

"अहो, आज गुरुवार आहे ना?" काकू म्हणाली.

"गुरुवारच हाय की अक्का. दिवाळीचा माल हाय. सकाळी कामगार बाजार करून आले, आता रात्रीपर्यंत चालतंय."

"तासभर बंद ठेवता येतील का? माझ्या करंज्या आत आहेत."

बाईने घडी खाली ठेवली आणि काकूला नीट निरखलं. "माजे माग कशाला बंद करू अक्का? तुमी करंज्या भाईर काढा की."

परत आलो तेव्हा ओव्हनमध्ये करंज्या तापाने फणफणून उठलेल्या माणसासारख्या दिसत होत्या. फिक्या, घामेजलेल्या, कडेला सुरकुतलेल्या. काकूने झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. तिचं नाक लाल झालं. मला वाईट वाटलं नाही. आईला वाटलं, पण आईला कुणाचंही वाईट वाटत असे.

आजोबा आत आले. त्यांनी एक करंजी उचलली, मोडली, हुंगली.

"ह्याला औषधाचा वास येतोय."

"व्हॅनिला आहे तो," काकू म्हणाली.

"शेंगा आपल्या शेतातल्या. तूप घरचं. आणि हे असं केलंस." त्यांनी करंजीच्या आतलं कच्चं पीठ बोटाने दाबून पाहिलं. माणूस चिक्कू असला की त्याला शत्रूच्या घरचीही नासाडी बघवत नाही, इथे तर शेंगदाणे स्वतःचे होते. "आन ती परात. आणि तवा. बघत काय बसलीस, निखारे काढ."

काकू जागची हलली नाही. तिलाही कळत होतं की या निखाऱ्यांवर भाजलेली करंजी ओव्हनची म्हणून ताटात गेली तर ती जिंकणार आहे. तिने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी तिच्याकडे. मग ती उठली आणि चिमट्याने निखारे काढू लागली.

संध्याकाळी बायका आल्या. करंज्या तांबूस, खुसखुशीत निघाल्या होत्या. राखेचा एकेक ठिपका काकूने पदराने पुसला होता. वकिलीणबाईंनी करंजी तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"ओव्हनची ती ओव्हनची," त्या म्हणाल्या. "चुलीवरच्या करंजीला ही सर येणार नाही. तिला धुराचा एक वास असतोच." आणि आजोबांकडे वळून, "तुमच्या करंज्या मी इतकी वर्षं खाल्ल्या, वाईट वाटून घेऊ नका हं, पण सूनबाईंचा हात वेगळाच."

ही आजोबांना पाठ असलेली जीभ. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या, काकूच्या गालांवर रंग चढला, आणि त्या भरात वकिलीणबाईंनी विचारलं की परवाच्या मंडळाच्या फराळाला अशाच करंज्या करून द्याल का, सगळ्यांना पुरतील एवढ्या. काकू म्हणाली, "त्यात काय, अवश्य."

आजोबांनी ताटात उरलेली करंजी उचलून डब्यात ठेवली. मी रात्री त्यांच्यावर चिडले. "खरं का नाही सांगितलंत? आता चूल फोडावी लागेल."

"लागंल की," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली, कपाळभर विभूती लावली, धुवट धोतर नेसले आणि परसातली पहार खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात आले. लिंगपूजा करून उठलेला माणूस पहार घेऊन येताना मी तोवर पाहिला नव्हता. आई हातातलं पातेलं घेऊन भिंतीला टेकली. शेजारी माग धडाडून चालले होते आणि दिवा लिंबासारखा पिवळा होता.

"सर बाजूला," आजोबा काकूला म्हणाले. "शब्द दिलाय."

"राहू द्या हो मामंजी. सणासुदीचं कुठं तोडफोड."

"ब्याड." कानडीतलं हे एकच "नको" ते असं म्हणत की समोरच्याचं पुढचं वाक्य घशात राही. "शब्द म्हंजे शब्द. तुजी करंजी जिंकली. सर."

त्यांनी पहार उचलली. काकूने ती दोन्ही हातांनी धरली. सत्तरीचा म्हातारा आणि क्लास केलेली सून, दोघं एका पहारीला लोंबकळत असलेली. यापेक्षा चांगलं नाटक मी नंतर कुठल्याही थिएटरात पाहिलेलं नाही.

"मंडळाच्या करंज्या व्हायच्यात अजून," काकू म्हणाली.

"मग? ओव्हन हाय की तुजा. ओव्हनची ती ओव्हनची."

"माग चालू आहेत."

"त्येचं मी काय करू?"

काकूने दिव्याकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं, सर्टिफिकेटाकडे पाहिलं. मग खाली बघून काहीतरी पुटपुटली.

"ऐकू न्हाई आलं. मागांचा आवाज लई हाय."

"मला चूल लागणार आहे, मामंजी."

आईच्या हातातून पातेलं पडलं. ती हसत होती. इतक्या वर्षांत तिला सासऱ्यासमोर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आजोबांनी पहार भिंतीला टेकवली, अगदी हळुवार, जणू तीही करंजीच आहे, आणि अटी सांगितल्या. शेंगा ते भाजणार, सारण ते करणार, औषध घालायचं नाही. निखाऱ्यांपाशी काकूने बसायचं आणि फुंकर तिनेच घालायची.

मग दिवसभर करंज्या झाल्या. आजोबा पाटावर बसून हुकूम सोडत होते, "डावीकडचा निखारा जरा सरकव, ती कडा राहिलीय," आणि काकू मांडी घालून, गाल फुगवून फुंकत होती. तिच्या पुण्याच्या छापील साडीवर ठिणग्यांनी दोन भोकं पाडली. कपाळ, नाक, भुवया राखेने माखल्या. गोल ओव्हन कोपऱ्यात होता. त्याच्या काचेच्या खिडकीवर आईने सुती फडका वाळत घातला होता.

दुपारी बाहेरची कडी वाजली. वकिलीणबाई, आणखी दोन बायकांना घेऊन, करंज्या कुठवर आल्या ते बघायला. काकू धडपडत उठली. आजोबांनी पाटावरून न उठता स्वयंपाकघराचं दार पायाने लोटून घेतलं. फटीतून मला सगळं दिसत होतं.

वकिलीणबाई काकूच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अगं बाई, हे काय?"

काकूने पदराने नाक पुसलं, तेवढी राख गालावर गेली.

"काय सांगू," ती म्हणाली, "ओव्हन फार तापतो हो."