पिवळ्या चौकोनातला मेंढा

कॅमेरा घेताना माणूस एवढा का अडतो, हे माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही. "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात," असं ती म्हणते. पण इथं दोन कॅमेरे होते. दोन्ही रीळवाले, दोन्ही माझ्याहून वयानं मोठे, आणि घ्यायचा होता एकच. गुलमंडीजवळच्या जुन्या स्टुडिओचे मालक दुकान बंद करत होते. त्यांनी दोन्ही माझ्या हातात ठेवले. "इतवार के बाद एक वापस लाओ," ते म्हणाले. "फोटो निकालना है तो जपानी रखो, कपाट में सजाना है तो जर्मन."

मला अर्थातच जर्मन हवा होता. मी वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला आहे. केसाएवढा फरक मोजण्यात माझा दिवस जातो, आणि त्या जर्मन कॅमेऱ्याची रिंग फिरवताना कुठं अडत नव्हती, कुठं ढिली पडत नव्हती. शिवाय त्याच्यासोबत दोन लेन्स होत्या. पस्तीसच्या लेन्समध्ये डोंगरासकट सगळा कळप मावला असता, पन्नासच्या लेन्समध्ये एका माणसाचा चेहरा नीट आला असता. जपानीला एकच लेन्स, कायमची बसवलेली, दोन्हींच्या मधली. धड ना इकडची, धड ना तिकडची. मी बायकोला तसं म्हटलंही, तर ती म्हणाली, "मग तुमचीच बहीण आहे ती."

कळप आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं. मेंढरं विकून आबांनी आमच्याकडे बजाजनगरला राहायला यावं, म्हणून दोन वर्षं मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत होतो. यंदा ते ऐकतील असं वाटत होतं. कळप जायच्या आधी आबांचे आणि मेंढरांचे रीळभर फोटो काढायचे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

रविवारी दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून मी गावी गेलो. आबा मेंढरं वाडग्यात घालत होते. काट्यांच्या कुंपणाला एक अरुंद वाट ठेवलेली, तिच्यातून एकेक मेंढरू आत जायचं आणि आबा प्रत्येकाच्या पाठीवर हात फिरवायचे. हे ते अलीकडं करायला लागले होते. म्हातारपणी माया वाढते, असं आम्ही घरात म्हणायचो.

काम संपल्यावर मी जर्मन कॅमेरा बांधावर टेकवला. या कॅमेऱ्यांची गंमत अशी की खिडकीतून बघितलं की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो, आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते. रिंग फिरवत जायचं, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येऊन एक झाल्या की फोटो नेमका येतो. समोर पांढरा मेंढा रवंथ करत बसला होता. मी रिंग फिरवून त्याला एक केला आणि आबांना बोलावलं.

"बघा आबा. मेंढे किती दिसतात?"

"दोन."

रिंग हलली असेल म्हणून मी पुन्हा पाहिलं. मेंढा एकच होता. आबांनी परत डोळा लावला. "दोनच हायेत की."

मग मी जपानी कॅमेरा काढला, त्यातही मेंढा एक केला आणि त्यांना दिला.

"ह्यो बी दोन दावतोय," आबा म्हणाले. "लबाड दिसतोय तुझा दुकानदार."

मी हसत कॅमेरा परत घेतला. दोन वेगळी मापं एकच चूक दाखवायला लागली की टूलरूममध्ये आम्ही मापांना नाही, मोजणाऱ्याला बाजूला घेतो.

"आबा, आता कॅमेरा राहू द्या. नुसत्या डोळ्यानं बघा."

आबांनी कुंपणाची वाट काट्यांनी बंद केली, हात झटकले. मग म्हणाले, "उजव्यानं दोन दिसत्यात. डाव्यानं नुसतं धुकं हाय."

"आणि सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी टेम्पो आणून मेंढरं भरली असती तू."

भरलीच असती. आणि ती पाठीवरची माया म्हणजे मोजणी होती. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. याच डोळ्यांनी हा माणूस रोज मेंढरं घेऊन घाटाचा रस्ता ओलांडत होता.

"डोळ्यांचं ऑपरेशन करू," मी म्हणालो. "मेंढरं राहतील."

"आसं नाय. मेंढ्यावर हात ठिवून सांग."

दोन्ही कॅमेरे गळ्यात घेऊन मी कुंपण ओलांडलं आणि त्या पांढऱ्या मेंढ्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मेंढ्यानं रवंथ थांबवली नाही.

मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, मग दुसऱ्याचं. तोवर चुलतभावानं कळप सांभाळला. जर्मन कॅमेरा मी लेन्सांसकट परत केला. त्याची खिडकी सुईच्या नाकाएवढी, आबांना तिच्यात बघणं जमलं नसतं. जपानीची खिडकी मोठी होती. मालकांना मी खरं कारण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, घरात कपाट लहान आहे.

काळा चष्मा सुटल्यावर आबा पुन्हा मेंढरांत गेले. त्या आठवड्यात मी कॅमेरा घेऊन गेलो तर त्यांनी तो स्वतःच मागून घेतला. पांढऱ्या मेंढ्यावर धरला, रिंग थोडी पुढं, थोडी मागं केली. "एक," ते म्हणाले, एखाद्या पोरानं शाळेत सांगावं तसं मोठ्यानं. मग कॅमेरा माझ्याकडं वळवला. पुन्हा रिंग पुढं, मागं.

"तुझे केस कवा पिकले रं?"

"झाली की आबा, चार-पाच वर्षं."

त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

"मला वाटायचं, पांढरी टोपी घालाया लागलास."